यंदाचं गाऱ्हाणं

पालखी दारात यायला अजून चांगले पाच तास होते, आणि राजश्रीने सासऱ्याला सांगून टाकलं होतं, "अण्णा, यंदा गाऱ्हाण्यात माझं नाव घेऊ नका."

सांगितलं ते तरी कसं! पुरणाच्या पातेल्यात डाव फिरवता फिरवता, आवाज जराही न चढवता, गूळ संपलाय तेवढा आणून ठेवा म्हणावं तसं. गंगाराम कोऱ्या चहाचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा होता. पेला हातातच राहिला.

"काय म्हणालीस?"

"आंब्याचं बोला. गुरांचं बोला. मुंबईवाल्यांचं बोला. माझ्या कुशीचं काही बोलू नका. आणि मी पदर पसरून पुढं येणार नाही. देवीची ओटी भरीन, पाया पडेन, आत जाईन."

"अगो पण..."

"तुमच्यावर रागावले नाहीये मी. चहा गार होतोय, अण्णा."

एवढं बोलून ती पुरणाकडे वळली. बारा वर्षांत या पोरीने सासऱ्याला उलट शब्द केला नव्हता, आणि आज केला तोही असा की भांडायला जागाच ठेवली नाही. गंगाराम चहा न पिताच मागे फिरला.

आता गाऱ्हाणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. शिमग्यात पावणाईची पालखी घरोघरी फिरते, आणि प्रत्येक दारात त्या घराचं मागणं देवीपुढे मोठ्याने मांडायचा मान वाडीत गंगारामच्या घराकडे, आज्यापासून चालत आलेला. कोणाची नोकरी, कोणाचं दुखणं, कोणाचा कोर्टात अडकलेला बांध. गंगाराम बोलायचा आणि मागची माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायची. एकाहत्तरचा झाला तरी आवाज असा की वर सड्याच्या माळावर गुरं राखणाऱ्यालाही ऐकू जावा.

पालखी त्याच्या स्वतःच्या दारात आली की गेली अकरा वर्षं त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "बा पावणाई, ह्या घरच्या सुनेची कूस उजव, पुढच्या शिमग्याला तुझ्या पायावर बाळ घालतो." व्हय म्हाराजा! मग राजश्री सत्तर-ऐंशी माणसांदेखत पदर पसरून पुढे यायची, गुरव त्यात फोडलेल्या नारळाची कवड टाकायचा, आणि ती मान खाली घालून आत जायची. आली तेव्हा सव्वीसची होती, आता अडतीसची. गंगारामला आपलं वाटायचं, आपण सुनेसाठी देवीशी भांडतोय. तिला तिथं उभं राहताना कसं वाटत असेल, हा विचार देवाशपथ त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता.

पडवीत त्याची बायको सोनूबाई झेंडूचं तोरण ओवत बसली होती. पायरीवर त्यांचा मुलगा संदेश कोयत्याने नारळ सोलत होता, गालात तंबाखूची गोळी. आणि खुर्चीत पाय पसरून बाबल्या. बाबल्या म्हणजे गंगारामचा सावत्र भाऊ, पण धाकटा तो इतका धाकटा की पुतण्यापेक्षा, संदेशपेक्षा, जेमतेम एका वर्षाने मोठा. काका-पुतणे एकाच पाळण्यात वाढलेले. साठीला एक वर्ष कमी असताना गंगारामच्या वडिलांना, म्हातारबांना, दुसऱ्या बायकोपासून हा मुलगा झाला, आणि तेव्हापासून ही बातमी घराण्यात कुस्तीत जिंकलेल्या गदेसारखी मिरवली जात होती. सर्वांत जास्त मिरवायचा तो बाबल्या स्वतः, जसा काही त्याचाच पराक्रम. पहाटेच्या गाडीने मुंबईहून आला होता, अजून आंघोळीचा पत्ता नव्हता, पण तोंड सुरू झालेलं.

गंगारामने राजश्रीचं म्हणणं सांगितलं. सोनूबाईच्या हातातली सुई थांबली.

"नाव घ्यायचं नाय? देवीच्या तोंडावर? मंग काय, पोर नको हाय हिला?"

"मना काय ठाव. सांगितलीन आणि वळली."

"तुमी काय बोललात?"

"चहा गार झाला."

"झालं! सून नाय म्हणते आणि सासरा चहाचं सांगतोय." सोनूबाईने एक फूल असं ओढून ओवलं की पाकळ्या खाली पडल्या. "मी बगते तिच्याकडं. हेदवीच्या गणपतीला मी एकवीस मंगळवार क्येले, ते कुणासाठी?"

बाबल्या हसला. "वैनी, दमली असेल हो ती. अकरा वर्षं म्हणजे काय थट्टा आहे? असते एखाद्या बाईत खोट, त्याला देवी तरी काय करणार! पण संदेश, तू नको रे तोंड पाडू. आपल्या घराण्यात पुरुषाला वयच नसतं. माझ्याकडं बघ, एकूणसाठाव्या वर्षीचा माल आहे! तू तर त्रेचाळीसचा, पोरगाच अजून. मी म्हणतो, वेळ गेलेली नाही, दुसरं एखादं..."

"बाबल्या!"

सोनूबाईचा आवाज असा आला की अंगणातली कोंबडी पळाली.

"माज्या सुनेला बोलायचं ते मी बोलेन. तू बोललास तर ह्या सुईनं तोंड शिवीन. जा, आंगूळ कर."

बाबल्या उठला नाही. उठला तो संदेश. कोयता पायरीवर ठेवून तो म्हणाला, "बागेत जाऊन येतो. औषधाचं पिंप उघडं राहिलंय."

शिमग्याच्या दिवशी कोण पिंपाची काळजी करतं? गंगारामने पोराच्या पाठीकडे बघितलं. खांदे पडलेले होते. तोही चपला घालून मागोमाग निघाला.

बाग घरामागच्या कातळावर. सुरुंग लावून खड्डे काढलेले, त्यात बाहेरून आणलेली माती, आणि त्या मातीत दोनशे दहा कलमं. यंदा मोहोर बरा धरला होता, फळ अंड्याएवढं झालं होतं. पंपाच्या शेडपाशी निळं पिंप होतं, कडेला फवारणीच्या औषधाचे पांढरट ओघळ. झाकण लावलेलंच होतं. संदेश शेडच्या सावलीत दगडावर बसला होता.

"झाकण तर हाय की," गंगाराम म्हणाला.

संदेशने तोंडातली तंबाखू थुंकली.

"अण्णा, राजश्रीत काही नाही."

"कशात काय नाय?"

"खोट. तिच्यात काही खोट नाही. चार डॉक्टर झाले, नळ्यांची तपासणी झाली, दुर्बीण घालून झाली, सगळे म्हणाले ठीक आहे. आता रत्नागिरीत ही नवी डॉक्टरीण आली ना, तिनं तर हिला तपासायलाच नकार दिला. म्हणाली, अकरा वर्षांत नवऱ्याची एकही तपासणी नाही? आधी त्याला घेऊन या."

"मंग?"

"मग गेलो. आज सतरा दिवस झाले. माझ्यात कमी आहेत. शुक्रजंतू. आहेत तेही नीट चालत नाहीत. कागद गाडीच्या डिकीत ठेवलाय."

"छ्या! आपल्या घराण्यात..." गंगारामच्या तोंडून सवयीने निघालं, आणि अर्ध्यावरच राहिलं. पोराचा चेहरा बघितल्यावर पुढचं बोलवेना. तो शेजारच्या दगडावर बसला. गुडघे कटकन वाजले.

"काय काय विचारलं हो तिनं," संदेश सांगायला लागला, आणि एकदा लागल्यावर थांबेना. "झोपता किती वाजता. तंबाखू किती. मी म्हटलं थोडी, तर म्हणाली पुड्या सांगा. दारू किती. म्हटलं कधीमधी, तर म्हणाली हंगामात की बिनहंगामात. राजश्री शेजारी बसलेली, खोटं तरी किती बोलणार? शेवटी विचारलं, काम काय करता. म्हटलं आंब्याची बाग. औषध कोण मारतं? मी. वर्षाला किती वेळा? आठ-नऊ. कालवतं कोण? मीच. कशानं कालवता?"

संदेशने उजवा हात पुढे केला. बोटांपासून कोपरापर्यंत कातडी काळपट, खरखरीत, नखं पिवळी.

"मी तिला दाखवलं. असं, म्हटलं. तिनं पेनच खाली ठेवलं."

गंगारामने स्वतःचा उजवा हात धोतराच्या सोग्याखाली घेतला. तोही तसाच होता.

काठीने ढवळलं तर भुकटी तळाला बसते, गाठी राहतात, त्या पंपाच्या तोंडात अडकतात, आणि औषध एका फांदीला जास्त तर एकीला कमी जातं. म्हणून गंगाराम पिंपात कोपरापर्यंत हात घालायचा आणि बोटांनी एकेक गाठ फोडायचा. गंगारामच्या बागेत मोहोर कधी करपत नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती होती, ती ह्या हाताची. शेजारचे बागायतदार बघायला यायचे. आणि संदेश आठवीत असताना, पहिल्याच हंगामात, गंगारामने त्याचं मनगट धरून तो हात पिंपात घातला होता. वास्तविक पोरगा मागे सरत होता. जळजळतं म्हणाला होता. "जळजळलं तरच औषध खरं," असं म्हणून गंगाराम हसला होता. हे सगळं त्याला आता स्वच्छ आठवलं.

"मंग मना कशी झालात तुमी दोगं?" त्याने विचारलं. विचारताना त्याला आशा होती. "मी पण हातच घातला की."

"तेव्हा कुठं होतं औषध, अण्णा? माझ्या पाठची शमिका झाली तेव्हा तुम्ही बागेत पाल्याचा धूर करत होता. पहिलं पिंप आलं तेव्हा आम्ही दोघं शाळेत जात होतो."

ते खरंच होतं. गंगारामने मान हलवली.

"म्हंजे औषधानं झालं म्हणते ती?"

"तसं नाही म्हणाली. एकट्या कशावर बोट ठेवता येत नाही म्हणाली. पंचवीस वर्षांची तंबाखू, हंगामातली जागरणं, संध्याकाळची बैठक, हे पोट, औषध, आणि वय. पुरुषाचं पण वय होतं म्हणाली. बाईसारखं एकदम थांबत नाही, चाळिशीनंतर हळूहळू उतरत जातं, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही."

"मंग आता उपाय काय?"

"नवे जंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढे दिवस तंबाखू बंद, दारू बंद, औषधाला हात लावायचा नाही, वेळेवर झोपायचं. मग परत तपासणी. होईलच असं वचन देत नाही म्हणाली. पण सुधारतं बऱ्याच जणांचं. आणि आता वेळ काढू नका म्हणाली, बायकोही अडतीसची आहे."

"सोडलीस तंबाखू?"

"सोडली की." संदेशने जमिनीवरच्या थुंकीकडे बघितलं आणि कसनुसा हसला. "सतरा दिवसांत चार वेळा सोडली."

गंगारामलाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

"राजश्रीनं कोणाला सांगितलं नाही," संदेश म्हणाला. "तिच्या आईला, वेळणेश्वरला फोन रोज होतो, तिलापण नाही. मला एवढंच म्हणाली, तुम्ही सांगा नाहीतर सांगू नका, मी आता पदर पसरणार नाही. अण्णा, तुम्ही ते वाक्यच गाळा ना. कोणाला काय कळतंय?"

गंगारामने विचार केला. गाऱ्हाण्याच्या बाबतीत त्याची बुद्धी पोरापेक्षा लवकर चालायची.

"अकरा वर्षं बोललो ते आज नाय बोललो, तर वाडी काय समजंल? सासऱ्यानं सुनेची आशा सोडलीन. गाळलं तरी बोट तिच्याकडंच जातं रे."

"मग काय माझं नाव घेणार? ऐंशी माणसांत? पुढच्या महिन्यात पेट्या भरायला गडी येतील, ते माझ्या मागं काय बोलतील?"

"ती अकरा वर्षं ऐकतेय की."

हे बोलायचं म्हणून गंगाराम बोलला नव्हता. तोंडातून निघून गेलं. संदेशने मान खाली घातली. शेडच्या खिळ्याला रबरी हातमोज्यांची जोडी टांगलेली होती, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून काढलेलीही नाही. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी शिबिरात फुकट वाटली होती. बायकी काम म्हणून ती खिळ्याला टांगली होती गंगारामनेच. त्याने उठून ती खाली काढली, पिशवीवरची धूळ धोतराने पुसली, आणि जोडी संदेशच्या मांडीवर ठेवली.

"उरलेल्या फवारण्या गड्याला दिऊ. त्येनं पण हे घातल्याबिगर पिंपाजवळ जायाचं नाय," तो म्हणाला. "आनि आवशीला मी सांगतो."

सांगितलं त्याने मागीलदारी, विहिरीपाशी. सोनूबाई केळीची पानं धूत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पान आपटून खाली टाकलं.

"माज्या लेकात? काय पण बोलू नका. सहा फूट पोरगा, भरलेली पेटी एका हातानं उचलतो!"

"पेटी उचलण्याशी काय संबंद त्येचा?"

तेवढ्यात विहिरीच्या पलीकडून, डोक्याला साबण लावलेला बाबल्या बोलला. म्हणजे ऐकत होता सगळं. "दादा, हे डॉक्टर लोक काय पण सांगतात हो! बिल लावायचे धंदे. आपला बापूस एकूणसाठाव्या..."

"थांब." सोनूबाई वळली. "तुज्या बापसाचं ऐकायचंय ना तुला? ऐक आज."

गंगारामला वाटलं, आता ही बाबल्यावर ओरडणार. पण ती ओरडली नाही. पदराने हात पुसून विहिरीच्या कठड्याला टेकली, आणि सावकाश बोलायला लागली.

"मी ह्या घरात आले ती अठराची. तुजी आय तेवीसची. नावाला सासू, खरी मैतरीण. म्हातारा तेव्हा पंचावन्नचा. तुज्या आदी तिचे चार गेले, बाबल्या. तीन पोटातच, आणि एक होऊन गेला. दोन वेळा मी व्हते तिच्याजवळ. रगताची लुगडी मी धुतली, ह्याच विहिरीवर."

बाबल्याने डोळ्यांवरचा साबण पुसला.

"सगळी वाडी म्हणायची, हिची कूस नासकी हाय. म्हातारा पण तेच म्हणायचा, पडवीत बसून गुडगुडी ओढत. त्याच्याकडं कोणी बोट दाखवलंन? कुणामुळं गेले ते देवीला ठाव, मी डॉक्टर नाय. पण विचारलंनच नाय कोणी! मंग तू जगलास. पेढे वाटले. कौतुक कुणाचं झालं? म्हाताऱ्याचं. मरेस्तवर तुजी आय मना म्हणायची, सोने, माज्यात काय खोट व्हती गो?"



"मला कोणी सांगितलं नाही हे," बाबल्या म्हणाला. आवाज पार उतरला होता.

"तू विचारलंस कधी? बापसाचं वय तेवढं तोंडपाठ." सोनूबाईचे डोळे भरले. ते तिने लपवले नाहीत. "आणि मी तरी काय क्येलं? डोळ्यांनी सगळं बगितलं, आणि अकरा वर्षं सुनेला तेच क्येलं. एकवीस मंगळवार म्हणे! मंगळवार लेकासाठी करायला हवे व्हते."

ती पानं तशीच टाकून घरात गेली. गंगारामने दारातून पाहिलं. सोनूबाई राजश्रीच्या शेजारी बसली, तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं, आणि पोळी लाटायला लागली. राजश्रीने एकदा सासूकडे बघितलं आणि तवा चुलीवर चढवला.

चार वाजता खालच्या वळणावर ढोल वाजला. पालखी आली.

भोयांनी अंगणात पालखी नाचवली, मग रांगोळी घातलेल्या पाटावर टेकवली. देवीचे चांदीचे मुखवटे उन्हात चमकत होते. वाडीची माणसं पेरूच्या झाडापर्यंत दाटली. राजश्री हिरव्या लुगड्यात बाहेर आली, तिने देवीची ओटी भरली, पाया पडली, आणि दारात जाऊन उभी राहिली. पदर कमरेला घट्ट खोचलेला. दोन-तीन म्हाताऱ्यांनी ते बघितलं आणि एकमेकींकडे बघितलं.

गंगाराम पुढे झाला. हात जोडले. पुढच्या दोन मिनिटांत काय बोलायचं ते त्याला अजून ठाऊक नव्हतं. पोराला शब्द दिला नव्हता आणि सुनेलाही दिला नव्हता.

"बा पावणाई! आज तू वर्साच्या वाटेनं आमच्या दारात आलीस!"

"व्हय म्हाराजा!"

"हितल्या बागेवरचा करपा, भुरी दूर ठेव, कलमांवर आलेलं फळ पेटीत पडू दे!"

"व्हय म्हाराजा!"

"गोठ्यातल्या गुरांना सांबाळ, मुंबईला गेलेल्या लेकरांना सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

आणि ते वाक्य आलं. गंगाराम थांबला. गुरव कवड हातात घेऊन सवयीने दाराकडे बघायला लागला, पदर कुठं दिसेना. ढोलवाल्याने काठी खाली घेतली. कुठूनतरी एक बाई कुजबुजली, "यंदा काय नाय वाटतं मागायचं."

राजश्रीने मान खाली घातली नाही. पण तिच्या खोचलेल्या पदरावरचा हात आवळला गेला, ते गंगारामला दिसलं.

तुळशीपाशी उभ्या असलेल्या संदेशलाही दिसलं असावं. त्याने खिशातून तंबाखूची पुडी काढली, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली, खांद्यावरचा नवा पंचा ओढला, आणि ऐंशी माणसांच्या मधून चालत येऊन पालखीसमोर उभा राहिला. पंचा दोन्ही हातांवर पसरला. चेहरा लालबुंद झाला होता. त्याने बापाकडे बघितलं आणि मान हलवली. बोला.

गंगाराम बोलला. आवाज नेहमीसारखाच, सड्यापर्यंत जाणारा.

"बा पावणाई! अकरा वर्षं मी तुला चुकीचं गाऱ्हाणं घातलं. मागत गेलो सुनेच्या नावानं, आणि कमी व्हती माज्या लेकाच्या अंगात. त्यातली थोडी मी माज्या हातानं घातली, त्येचं मनगट धरून. त्येचा त्याला बोल नको, मना दे. आजपासून तो तंबाखू सोडतोय, बाटली सोडतोय, औषधाच्या पिंपात परत हात घालणार नाय. त्येला तेवढं बळ दे. पोर द्यायचं का नाय ते तू बग. पण ह्या घरच्या सुनेवर आमी सगळ्यांनी रोखलेलं बोट, ते आज खाली घे!"

असं गाऱ्हाणं त्या वाडीत कोणी कधी ऐकलं नव्हतं, आणि अशा गाऱ्हाण्याला काय उत्तर द्यायचं ते कोणाला सुचेना. संदेशचे हात तसेच पुढे होते.

"व्हय म्हाराजा!"

बाबल्या ओरडला होता. एकटाच, घोगऱ्या आवाजात, डोळे मिटून. मग दारातून सोनूबाई म्हणाली, "व्हय म्हाराजा," आणि बाईमाणसाने कधी उत्तर द्यायचं नसतं हे कोणाला आठवायच्या आत ढोलवाला म्हणाला, गुरव म्हणाला, आणि मग सगळं अंगण म्हणालं.

गुरवाने क्षणभर इकडेतिकडे बघितलं आणि कवड पंचात टाकली. संदेशने पंचा ताटासारखा सपाट धरला होता. कवड गडगडली, पाणी सांडलं, आणि ती काठावरून जमिनीवर जाणार एवढ्यात दारातून कोणीतरी धावलं. राजश्रीने पंचाचं टोक खालून धरलं होतं.

"असा नाही धरायचा," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसत होती. "टोकं वर घ्या. आणि पोटाशी धरा. अकरा वर्षं धरलाय मी."

संदेशने टोकं वर घेतली आणि पंचा पोटाशी धरला.